सायकलीमागची गाडी आणि रस्त्यावरचं मूल

नागपुरात आमच्या मोहल्ल्यातून रोज सकाळी एक सायकलरिक्षा शाळेकडे निघायची. दोन माणसांसाठी बनवलेल्या त्या रिक्षात आम्ही नऊ मुलं बसायचो. सीटवर चार, समोर आडव्या टाकलेल्या लाकडी फळीवर तीन आणि मागच्या बाजूला पाय लोंबकळत सोडून दोन. दप्तरं दोन्ही बाजूंना टांगलेली, पाण्याच्या बाटल्या हँडलला. चढ आला की मोठी मुलं उतरून मागून धक्का द्यायची. रिक्षा ओढणाऱ्यांना आम्ही ‘चाचा’ म्हणायचो. दुपारी आम्हाला घरी सोडलं की त्याच रिक्षातून चाचा कुणाचं दळण आणायचे, कुणाचा गॅस सिलिंडर, तर कुणाच्या घरच्या आजारी दादीअम्मांना दवाखान्यात पोहोचवायचे.

ती रिक्षा आठवण्याचं कारण म्हणजे भाचीनं जर्मनीहून पाठवलेला एक फोटो. तिच्या सायकलीच्या मागे दोन चाकांची, तंबूसारखं कापड लावलेली एक छोटी गाडी जोडलेली होती. आत तिचा तीन वर्षांचा मुलगा पट्टा बांधून बसलेला. त्याच्या पाठीमागच्या कप्प्यात दुधाची पाकिटं, कांद्याची जाळी आणि पाव. खाली तिनं लिहिलं होतं, ‘मामू, ही आमची चाचांची रिक्षा. फक्त चाचा मीच आहे.’

गंमत बाजूला ठेवली तर या वाक्यात एक प्रश्न दडलेला आहे. सायकलीला गाडी जोडायची तर लागतं काय? दोन चाकं, एक चौकट आणि एक दांडा. हे सगळं एकोणिसाव्या शतकातच उपलब्ध होतं. मग आईबापांनी मुलं आणि आठवड्याचा बाजार सायकलीला जोडून नेणं ही रोजची गोष्ट व्हायला जवळपास शंभर वर्षं का लागली? उत्तर शोधायला गेलो, तेव्हा सायकलीच्या इतिहासापेक्षा रस्त्याचा इतिहासच जास्त वाचावा लागला.

ओझं कुणाचं?

जर्मनीतल्या मॅनहाइममध्ये कार्ल ड्राइस यांनी १८१७ साली पायाने ढकलत न्यायची लाकडी दुचाकी रस्त्यावर आणली. तिला पॅडल नव्हतं. आज आपण जिला सायकल म्हणतो, म्हणजे सारख्या उंचीची दोन चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, ती १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’ने रूढ केली. तीन वर्षांनी डनलॉप यांचा हवेचा टायर आला आणि हाडं खिळखिळी करणारं वाहन सुखाचं झालं.

ओझं वाहण्यासाठी सायकल वापरायची कल्पना व्यापाऱ्यांना लगेच सुचली. युरोपच्या शहरांत बेकरीवाले, खाटीक, दूधवाले आणि टपाल खातं यांनी पेटी लावलेल्या तीनचाकी सायकली वापरायला सुरुवात केली. नेदरलँड्समध्ये अशा सायकलीला ‘बाकफीट्स’ म्हणतात. ‘बाक’ म्हणजे पेटी, ‘फीट्स’ म्हणजे सायकल. डेन्मार्कमध्ये १९२० च्या दशकात ‘लाँग जॉन’ नावाची लांबलचक दुचाकी निघाली. तिच्यात हँडल आणि पुढचं चाक यांच्यामध्ये, जमिनीपासून हातभर उंचीवर सामान ठेवायला जागा असते. वजन खाली राहिल्यामुळे तोल जात नाही. कोपनहेगनमध्ये सायकलवर माल पोहोचवणाऱ्या पोरांना ‘स्वायर’ म्हणत. १९४० च्या दशकात त्यांच्या शर्यती भरत आणि लोक त्या बघायला गर्दी करत.

या सगळ्यांत एक साम्य दिसतं. सायकल चालवणारा पुरुष, माल दुकानाचा आणि कामाला मजुरी. पण त्याच शहरात रोज आणखी एक मोठी वाहतूक चाललेली होती. लहान मूल कडेवर, मोठं बोटाला आणि दुसऱ्या हातात बटाट्याची पिशवी. ही वाहतूक बायका करत होत्या. तिचा पगार नव्हता, म्हणून ती कुणी वाहतूक म्हणून मोजलीही नाही. दुकानदाराच्या पावासाठी यंत्र तयार झालं, तोच पाव घरी नेणाऱ्या बाईसाठी मात्र टोपली पुरेशी मानली गेली.

मागे जोडायची गाडी तेव्हाही माहीत होतीच. १८९० च्या दशकाच्या अखेरीस वेताच्या खुर्चीला दोन चाकं लावून ती सायकलीमागे किंवा मोटार लावलेल्या तीनचाकीमागे जोडली जाई. मोटारीमागे बसणाऱ्याच्या वाट्याला पुढच्याची सगळी धूळ आणि धूर येई. १९०३ च्या सुमारास शेजारी जोडायची साइडकार आली आणि ही वेताची खुर्ची मागे पडली. पुढे मोटारी स्वस्त झाल्या आणि प्रश्न सुटला असं सगळ्यांनी धरून चाललं.

पॅरिसची चार वर्षं

सायकलीमागच्या गाडीला पुन्हा दिवस आले ते सक्तीने. १९४० मध्ये जर्मन सैन्याने पॅरिस घेतलं. पेट्रोल जर्मनांच्या ताब्यात गेलं, खासगी मोटारी रस्त्यावरून जवळपास गायब झाल्या. तेव्हा पॅरिसकरांनी ‘व्हेलो टॅक्सी’ काढली. पुढे सायकल किंवा दोघांनी चालवायची टँडम आणि मागे एक-दोन माणसं बसतील असा चाकांवरचा डबा. सधन लोक नाटकाला या टॅक्सीने जात. साधी कुटुंबं सायकलीला छोटी गाडी जोडून जवळच्या खेड्यांत जात आणि बटाटे, अंडी, सरपण घेऊन परतत. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या धान्यात पोट भरत नव्हतं, त्या काळात या दोन चाकांनी अनेक चुली पेटत्या ठेवल्या.

१९४४ मध्ये पॅरिस मुक्त झालं. पेट्रोल परत आलं तशा या गाड्या हळूहळू अडगळीत गेल्या. टंचाईच्या दिवसांची ती खूण कुणाला समोर नको होती. गरिबीची आठवण करून देणारी वस्तू किती उपयोगी होती, हे माणूस फार लवकर विसरतो. आपल्याकडे सायकल विकून मोपेड घेतलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

१९७१: एका देशाने मोजलेली मुलं

यानंतरची पंचवीस वर्षं पश्चिम युरोपात मोटारीची होती. आज सायकलींचा देश म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्या नेदरलँड्समध्येही शहरं मोटारीसाठी पाडली जात होती. कालवे बुजवण्याच्या आणि जुन्या वस्त्यांमधून रुंद रस्ते नेण्याच्या योजना होत्या. सायकलचा वापर झपाट्याने घटत होता.

त्याची किंमत १९७१ मध्ये समोर आली. त्या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या होती सुमारे १ कोटी ३० लाख. हा आकडा आपल्या आकड्याशेजारी ठेवून बघा. २०२२ मध्ये भारतात १,६८,४९१ लोक रस्ते अपघातात गेले. लोकसंख्येच्या प्रमाणात हिशेब केला तर १९७१ चं नेदरलँड्स आजच्या भारतापेक्षा साधारण दुप्पट वाईट होतं. ‘त्यांची संस्कृतीच वेगळी’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवायला हवा.

व्हिक लांगनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी अशाच अपघातात गेली होती. त्यांनी १९७२ मध्ये ‘द टाइड’ या वृत्तपत्रात लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता, ‘मुलांच्या हत्या थांबवा’. अपघात हा शब्द त्यांनी टाळला. त्या शीर्षकाचीच चळवळ झाली. तिची पहिली अध्यक्ष मार्तये फान पुटन ही तेव्हा विशीतली तरुणी होती. पुढे ती युरोपीय संसदेत गेली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले. त्यांनी रस्ते अडवून मुलांना खेळायला जागा करून दिली. पंतप्रधान योप डेन आउल यांच्या घरासमोर जाऊन गाणी म्हटली. आम्स्टरडॅमच्या ‘द पाइप’ या दाटीवाटीच्या कामगार वस्तीत मुलांनीच गल्ली मोटारींसाठी बंद करायची मोहीम काढली. १९७२ मध्ये डच टीव्हीने त्यावर माहितीपट दाखवला. त्या गल्ल्यांची चित्रं पाहिली की आपल्या मोमीनपुऱ्याची आठवण येते. तेवढीच अरुंद वाट, तेवढीच मुलं आणि खेळायला तीच एक जागा.

अरबांचं तेल, डचांची सायकल

चळवळ पेटलेली असतानाच ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं. इस्रायलला पाठिंबा देणाऱ्या देशांना तेल द्यायचं नाही, असं अरब तेल उत्पादक देशांनी ठरवलं. त्या यादीत अमेरिकेबरोबर नेदरलँड्सही होतं. डच सरकारने पेट्रोल वाचवण्यासाठी ४ नोव्हेंबर १९७३ पासून रविवारी मोटारी चालवायला बंदी केली. पुढचे काही आठवडे रविवारी हमरस्ते मोकळे झाले. ज्या रस्त्यांवर मुलं मरत होती, तिथेच ती चाकाचे बूट घालून खेळू लागली. मोटारीशिवाय शहर चालू शकतं, हे भाषणाने पटलं नसतं, ते रविवारच्या शांततेने पटवलं.

तेलबंदीच्या राजकारणाचे अनेक परिणाम अभ्यासकांनी नोंदवले आहेत. कैरो किंवा रियाधमध्ये बसून निर्णय घेणाऱ्यांच्या मनात डच मुलांची सायकल नक्कीच नव्हती. पण इतिहास असाच चालतो. एका टोकाला कुणी नळ बंद करतो आणि दुसऱ्या टोकाला गल्लीतलं मूल मोकळा श्वास घेतं.

महत्त्वाचं हे की संकट संपल्यावर डच लोकांनी पुन्हा जुन्या वाटेवर जायचं नाकारलं. १९७५ मध्ये सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. टिलबर्ग आणि द हेग इथे सरकारी पैशाने सायकलींचे वेगळे मार्ग बांधून पाहिले गेले. डेल्फ्ट शहराने तर पूर्ण जाळंच विणलं. १९७६ मध्ये ‘वोनअर्फ’ म्हणजे घरांसमोरचा अंगणरस्ता कायद्यात आला. तिथे मोटारीने माणसाच्या चालीने जायचं आणि वाटेत खेळणाऱ्या मुलाचा हक्क पहिला. चारशेहून अधिक मुलांच्या मृत्यूंपासून सुरू झालेला हा प्रवास २०१० मध्ये १४ वर आला होता. चौदासुद्धा जास्तच. पण हा फरक आपोआप पडलेला नाही.

लोणच्याच्या कारखान्यावरची खोली

रस्ता बदलत होता तसं यंत्रही परत आलं. सुरुवात अमेरिकेत झाली. १९७१ मध्ये कनेक्टिकट राज्यात जो माँटगोमेरी यांनी कॅननडेल ही कंपनी काढली. जागा होती लोणच्याच्या कारखान्यावरची एक खोली आणि पहिला माल होता सायकलीला जोडायचा ट्रेलर. तो तंबू आणि सहलीचं सामान वाहण्यासाठी होता. त्या वर्षांत अमेरिकेत सायकलींची लाट आली होती, त्यात तेलबंदीची भर पडली आणि पेट्रोलपंपांवर लांब रांगा लागल्या. काही वर्षं तर तिथे मोटारींपेक्षा सायकली जास्त विकल्या गेल्या.

सामानाच्या ट्रेलरमध्ये मूल बसवणारे पुढे आले ते ऑरेगन राज्यातल्या युजीन शहरातून. तिथे अ‍ॅलन शोल्झ सायकलीच्या पिशव्या शिवून शनिवारच्या बाजारात विकत. पिशव्या आणि लहान मुलगी, दोघांनाही बाजारात न्यायचं म्हणून त्यांनी ट्रेलर बनवला. १९७८ मध्ये त्यातून ‘बर्ली’ सुरू झाली. ती बराच काळ कामगारांच्याच मालकीची सहकारी संस्था होती. म्हणजे आज ज्याच्यावर घराघरांतून बाजारहाट होतो, तो मुलांचा ट्रेलर एका शिवणकाम करणाऱ्या बापाच्या गरजेतून आला. मूल सांभाळणं आणि पोट भरणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या करता येत नाहीत, हे आपल्याकडच्या प्रत्येक विडी वळणाऱ्या, शिलाई मशीन चालवणाऱ्या आईला माहीत आहे. तिथे त्या जाणिवेला चाकं मिळाली.

कोपनहेगनमध्ये ख्रिस्तियानिया नावाची वस्ती आहे. १९७१ मध्ये ओस पडलेल्या लष्करी बराकींत लोक घुसले आणि राहू लागले. आत मोटारींना मनाई. सामान आणि मुलं न्यायची कशी, हा प्रश्न रोजचाच. १९८४ मध्ये तिथले लोहारकाम करणारे लार्स एंगस्ट्रम यांनी पुढे मोठी पेटी असलेली तीनचाकी बनवून जोडीदार आनी लेर्क हिला वाढदिवसाला भेट दिली. शेजाऱ्यांनी पाहिली, त्यांनाही हवी झाली. आज कोपनहेगनमध्ये दोन किंवा जास्त मुलं असलेल्या साधारण चारपैकी एका कुटुंबाकडे अशी पेटीवाली सायकल असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची बेकरीवाल्याची सायकल आता आईबापांची झाली होती.

दांडा, पट्टा आणि झेंडा

ट्रेलरची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली असते. दांडा सायकलीच्या मागच्या चाकाच्या आसापाशी अडकवतात. त्या जोडाला सगळीकडे वळता येतं, त्यामुळे सायकल आडवी पडली तरी गाडी आपल्या दोन चाकांवर उभी राहते. मूल जमिनीपासून वीतभर उंचीवर बसतं, म्हणून पडलं तरी उंचावरून पडत नाही. मुलांच्या ट्रेलरवर साधारण ४५ किलोपर्यंत वजन चालतं. सामान आसाच्या किंचित पुढे ठेवायचं, मागे ठेवलं तर दांडा वर उचलला जातो. उतारावर मागचं वजन सायकलीला ढकलतं, म्हणून ब्रेक नेहमीपेक्षा आधी दाबावा लागतो. गाडी बुटकी असल्याने ट्रकवाल्याला दिसत नाही, त्यासाठी मागे उंच काठीवर रंगीत झेंडा. जर्मनीत ट्रेलरमध्ये सात वर्षांखालची जास्तीत जास्त दोनच मुलं बसवता येतात आणि सायकल चालवणारा किमान सोळा वर्षांचा लागतो.

अर्थात, यंत्र चांगलं म्हणून धोका संपत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या ओस गावात पाळणाघराची मुलं नेणारी विजेवर चालणारी गाडी रेल्वे फाटकातून रुळावर गेली आणि चार मुलं दगावली. ती सायकल नव्हती, पण मुलांना वाहण्यासाठीच बनवली होती. सरकारने लगेच ती गाडी रस्त्यावरून काढली. २०२४ मध्ये तिथल्याच एका मोठ्या कंपनीच्या पेटीवाल्या सायकलींच्या चौकटी तुटू लागल्या, तेव्हा विक्री थांबवायचा आदेश निघाला. फरक एवढाच की तिथे मुलाचा जीव हा सरकारी कामाचा विषय झालेला आहे.

चाचा कोण होणार?

डच शहरांत मोरोक्को आणि तुर्कस्तानातून गेलेल्या मुस्लिम कुटुंबांतल्या बायकांसाठी अनेक वर्षांपासून सायकल शिकवण्याचे वर्ग चालतात. चाळिशीतल्या बायका मैदानात पडत-धडपडत शिकतात. त्यांना शर्यत जिंकायची नसते. मुलाला शाळेत सोडायचं असतं, भाजी आणायची असते आणि त्यासाठी नवऱ्याच्या मोटारीची वाट बघायची नसते. स्त्रीच्या हिंडण्याफिरण्यावर आपल्याकडे बरीच चर्चा होते. तिच्या हातातल्या पिशवीच्या वजनावर मात्र होत नाही.

आमच्या मोहल्ल्यात आता सायकलरिक्षा क्वचित दिसते. शाळेच्या वेळेला एका स्कूटीवर आई, पुढे एक मूल उभं, मागे दोन आणि हुकाला भाजीची पिशवी, असं चित्र असतं. फुटपाथ दुकानांनी भरलेला, सायकलीला जागा नाही. अशा रस्त्यावर भाचीचा ट्रेलर आणून उपयोग नाही, पहिल्याच चौकात त्याला बस घासून जाईल. पुण्यासारखं एकेकाळचं सायकलींचं शहरही याच वाटेने गेलं. आधी रस्ता गेला, मग सायकल गेली.

भाचीच्या फोटोकडे पाहताना एक गोष्ट मला टोचत राहते. लहानपणी आम्ही सुखरूप शाळेत पोहोचायचो, ते व्यवस्थेमुळे नव्हे, चाचांच्या पिंडऱ्यांमुळे. नऊ मुलांचा भार एका गरीब माणसाने ओढायचा आणि आम्ही फळीवर बसून पाढे म्हणायचे. महिन्याच्या शेवटी अम्मी त्यांच्या हातात पैसे ठेवायची, त्यावर कधी घासाघीसही व्हायची. सायकलने ओझं ओढणं म्हणजे गरिबी, हे आम्ही तिथेच शिकलो. म्हणून ऐपत येताच सगळ्यात आधी सायकल सोडली आणि रस्ता मोटारीच्या हवाली केला.

डचांनी दिलेला धडा महागड्या ट्रेलरचा नाही. त्यांनी आधी आपली मेलेली मुलं मोजली, मग रस्ता मागितला आणि रस्ता मिळाल्यावर यंत्र आपोआप आलं. आपल्या महापालिकेच्या वॉर्डात गेल्या वर्षी किती मुलं रस्त्यावर गेली, हा आकडा नगरसेवकाला विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. शाळेसमोरची एक गल्ली सकाळी अर्धा तास मोटारींसाठी बंद करा, एवढी मागणी जुम्याच्या नमाजनंतर दहा बापांनी मिळून केली तरी सुरुवात होईल.

मी भाचीला उत्तर पाठवलं, ‘बेटा, चाचा होणं सोपं नाही. पण तुझ्या मुलाला तरी त्याच्या चाचाचं नाव माहीत आहे.’ आमच्या चाचांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.